तिसऱ्या युनिटमधली तीन पानं

बैठकीला अर्धा तास उरला होता आणि माझ्या कोर्सच्या तिसऱ्या युनिटमधला एक रकाना अजून रिकामा होता.

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. मुलं अजून सुट्टीवर होती. आमच्या शाळेत या आठवड्याला प्लॅनिंग वीक म्हणतात. शिक्षक रिकाम्या वर्गांत बसून वर्षभर काय शिकवायचं ते कागदावर मांडतात. मी सिंगापूरमधल्या एका इंटरनॅशनल शाळेत इंग्रजी शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही. अभ्यासक्रम अमेरिकन आहे, त्यामुळे अकरावीला अमेरिकन लिटरेचर हा पूर्ण वर्षाचा कोर्स असतो. त्या वर्षी तो पहिल्यांदा माझ्याकडे आला होता. त्याआधी चौदा वर्षं मी इथे नववी-दहावीला शिकवलं, आणि त्याच्याही आधी पुण्यात एका कॉलेजात.

कोर्स आखणं म्हणजे पुस्तकांची यादी करणं, असं बाहेरच्यांना वाटतं. यादी शेवटी येते. आधी वर्षाचे सहा तुकडे पाडायचे. एकेक तुकडा म्हणजे एक युनिट. प्रत्येक युनिटला एक प्रश्न असतो, त्याचं उत्तर मुलांनी सहा आठवडे शोधायचं. मग एक मुख्य पुस्तक, त्याला अँकर टेक्स्ट म्हणतात. आणि त्याच्या जोडीला दोन-चार पानांचं काहीतरी, दुसऱ्या काळातलं किंवा दुसऱ्या देशातलं. ते पेअर्ड टेक्स्ट. दोन्ही शेजारी ठेवली की मुलं नुसती गोष्ट सांगत बसत नाहीत, तुलना करायला लागतात.

तिसरं युनिट गुलामगिरीचं होतं. मुख्य पुस्तक ठरलं होतं, गुलामीतून सुटलेल्या एका बाईनं स्वतः लिहिलेलं आत्मकथन. प्रश्नही ठरला होता: आपल्याला माणूस न समजणाऱ्या लोकांबद्दल माणसानं कसं लिहावं? रिकामा होता तो जोडीच्या पाठाचा रकाना.

मला एक जुनी फाइल आठवली. पुण्यात असताना आमच्या कॉलेजनं बायकांसाठी लेखनाची एक कार्यशाळा घेतली होती. तिथे साठीच्या एका बाईंनी लहानपणची आठवण लिहिली होती. गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. त्यांची आई घागर घेऊन काठापासून लांब बसायची. कुणाला वाटलं तर तो वरून पाणी ओतायचा. एके दिवशी कुणालाच वाटलं नाही. तिन्हीसांजेला आई रिकामी घागर घेऊन घरी आली आणि या लहान मुलीनं तिला विचारलं, आज विहिरीत पाणी नव्हतं का? एवढंच. ते कुठे छापलं गेलं नाही. बाईंची परवानगी घेऊन मी त्याचं इंग्रजी केलं होतं. तीन पानं झाली होती. बाई आता हयात नाहीत.

मी ती तीन पानं रकान्यात टाकली. आमच्या डिपार्टमेंटची प्रमुख डायना म्हणून एक अमेरिकन बाई आहे. तिनं बैठकीतच वाचली.

"हे तू केलंयस?"

"भाषांतर फक्त."

"ठेव हे. काढू नकोस," ती म्हणाली.

प्लॅन मंजूर झाला आणि पालकांना बघण्यासाठी शाळेच्या पोर्टलवर चढला.

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी सलील आमच्या बिशानच्या घरी आला. सलील माझ्या नवऱ्याचा पुण्यापासूनचा मित्र. इथे एका बँकेत आयटी मॅनेजर आहे. त्याची मुलगी रिया त्या वर्षी माझ्याच वर्गात होती. पोहे खाऊन झाल्यावर तो विषयावर आला.

"वहिनी, एक बोलायचं होतं. रागावू नका."

"बोल ना."

"कोर्स अमेरिकन लिटरेचरचा आहे ना? मग त्यात ते विहिरीचं कशाला?"

"तुलनेसाठी. युनिटचा प्रश्नच तसा आहे."

"मग दुसरा कुठला तरी देश घ्या. जग पडलंय. आपलीच धुणी या लोकांसमोर कशाला धुवायची? उद्या कुणी रियाला विचारलं, तुमच्यात असं करतात का, तर पोरीनं काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं."

"खरं काय, वहिनी? आता कुठे राहिलंय असलं काही? आमच्या घरात तर कधीच नव्हतं."

मी हसले. माझ्याही घरात नव्हतं, असं मी मोठेपणी बरीच वर्षं सांगत होते. आमच्या घरी भांडी घासायला यायच्या त्या मावशींचा कप वेगळा होता. खिडकीत असायचा, कान तुटलेला. त्या कपाबद्दल घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. सलीलला हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. मी म्हटलं, "पाठ राहील. तुला हरकत असेल तर शाळेकडे लेखी दे."

त्यानं लेखी दिलं. नुसतं त्यानंच नाही, आणखी तीन पालकांनी दिलं. प्रिन्सिपलनी मीटिंग बोलावली. ते, डायना, सलील, दुसरे एक पालक आणि मी.

त्या मीटिंगमध्ये मी चांगली बोलले. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पुढे जे झालं त्यासाठी सांगायला हवं म्हणून सांगते. मी म्हटलं, अमेरिकेतल्या क्रौर्याबद्दल मुलांनी रडायचं आणि घरच्याबद्दल डोळे मिटायचे, असं शिकवणं मला जमणार नाही. मी म्हटलं, ही तीन पानं निघाली तर मी हा कोर्स शिकवणार नाही. डायना माझ्या बाजूनं उभी राहिली. सलील गोरामोरा झाला.

प्रिन्सिपलनी मधला मार्ग काढला. आमच्याकडे त्याला ऑप्ट-आउट लेटर म्हणतात. एखाद्या पाठाला घरच्यांची हरकत असेल तर पालकांनी फॉर्म भरून द्यायचा. मग ते मूल त्या तासाला लायब्ररीत बसून दुसरा पाठ वाचतं. मार्क कापले जात नाहीत. बाकीचा वर्ग ठरलेलं शिकतो. पाठही राहतो आणि पालकही शांत होतात.

मला तो मार्ग पटला. पत्राचा मसुदा मीच केला. वीस मिनिटांत झाला. 'आपली हरकत असेल तरच सोबतचा फॉर्म परत पाठवा. फॉर्म न आल्यास आपली संमती आहे असं समजू.' बाहेर पडताना सलीलनं हात मिळवला. डायना कॉरिडॉरमध्ये म्हणाली, "जिंकलीस तू." घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सविस्तर सांगितलं, कोण काय म्हणालं, मी काय उत्तर दिलं, सगळं.

आता तन्वीबद्दल सांगते.

वर्गात एकोणीस मुलं होती. त्यातली सात भारतीय. सातांपैकी चार मराठी. तन्वी त्यातली एक. वडील मरीन इंजिनिअर, राहायला सेम्बावांगला. घर मूळचं नागपूरकडचं. ती सात वर्षांची असल्यापासून इथेच. मागच्या रांगेत रियाशेजारी बसायची. दोघींची घट्ट मैत्री होती. तन्वी कमी बोलायची, पण तिचे निबंध मी शेवटी ठेवायची. ढिगातले बाकीचे तपासून कंटाळा आला की वाचायला काहीतरी चांगलं उरावं म्हणून.

तिचं आडनाव मी इथे लिहीत नाही. हजेरीपटावर पहिल्या दिवशी वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. मराठी माणसाला आडनावावरून कळतं. कळलं नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. म्हणजे युनिट तीनचा पाठ वर्गात येईल तेव्हा तो कुणाच्या घरातला असेल, हे मला माहीत होतं. आणि मला वाटत होतं की तिला बरं वाटेल. आपल्या माणसांचं कुणीतरी पुस्तकात घेतलं, त्यासाठी बाई भांडल्या, असं तिला वाटेल.

नोव्हेंबरमध्ये पाठाच्या आदल्या दिवशी, तास संपल्यावर ती टेबलापाशी थांबली. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायची.

"मिस, उद्याचा तास सगळ्यांना कम्पल्सरी नाही का करता येणार?"

"का गं?"

"किंवा मग कुणालाच नको. असं होणार नाही का?"

मला वाटलं, तिला पाठ इतका महत्त्वाचा वाटतोय की सगळ्यांनी तो वाचावा असं तिला वाटतं. मी तिला निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल दोन मिनिटं सांगितलं. सक्ती केली की माणसं मनानं वाचत नाहीत, वगैरे. तिनं ऐकून घेतलं.

"ओके, मिस," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला. मी म्हटलं, ज्यांचे फॉर्म आलेत त्यांनी लायब्ररीत जावं. खुर्च्या सरकल्या. एक, दोन, तीन. सहा मुलं उठली. सहाही भारतीय. फॉर्म ऑफिसात जमा झाले होते. माझ्याकडे फक्त आकडा आला होता, नावं मी मागितली नव्हती. सगळ्यांनी फॉर्म भरून पाठवा, असा सलीलचा मेसेज पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला होता, हे मला नंतर समजलं. रिया उठली. दारापाशी जाऊन तिनं मागे वळून पाहिलं, तन्वी येतेय का म्हणून. तन्वी बसून होती.

सहा मुलं बाहेर गेली. दार लागलं. वर्गात बारा परदेशी मुलं, एक तन्वी आणि तिच्या शेजारची रिकामी खुर्ची.

एकाच नजरेत सगळं दिसत होतं. मलाही दिसलं. पण तास सुरू झाला होता, प्लॅनप्रमाणे पहिली पाच मिनिटं शांत वाचनाची होती. मी घड्याळ लावलं.

चर्चेच्या वेळी एका अमेरिकन मुलानं हात वर केला. स्वभावानं चांगला मुलगा. त्यानं सरळ मनानं विचारलं, "तन्वी, तू तिथलीच ना? हे खरंच व्हायचं?"

सगळा वर्ग तिच्याकडे वळला.

आमच्या धंद्यात वेट टाइम म्हणून एक गोष्ट शिकवतात. प्रश्न विचारला गेला की शिक्षकानं लगेच मध्ये पडायचं नाही. मनात आकडे मोजायचे. शांततेत मुलांना विचार करायला जागा मिळते. मी मोजले. सातपर्यंत.

तन्वी म्हणाली, "माझ्या आजीला विचारावं लागेल."

त्या दिवशीच्या तासाची नोंद माझ्या प्लॅनमध्ये अजून आहे. 'उत्कृष्ट चर्चा. पुढच्या वर्षी वेळ वाढवावा.'

पुढचे तीन-चार आठवडे मला काहीच जाणवलं नाही. तन्वी आणि रिया वेगळ्या बसू लागल्या. या वयात मैत्रिणी दर महिन्याला भांडतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या कूलरपाशी तन्वी दिसली की मुलांचा एक घोळका म्हणायचा, "वेल, वेल, लुक हू इज हिअर!" इंग्रजीत हे अगदी साधं बोलणं आहे. 'अरे वा, बघा कोण आलंय!' इतकंच. एकदा तर मी जवळून जात होते आणि ते ऐकून मी हसलेसुद्धा. मुलं खेळीमेळीनं आहेत असं मला वाटलं.

मग तन्वीच्या गैरहजेऱ्या वाढल्या. डिसेंबरच्या सुट्टीआधी पाच. जानेवारीत पहिल्याच पंधरवड्यात सहा.

एका सकाळी बिशानच्या एमआरटी स्टेशनवर, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, ती मला दिसली. मी तिथेच गाडी पकडते आणि ती सेम्बावांगहून येऊन तिथे लाइन बदलते. युनिफॉर्ममध्ये, बॅग मांडीवर घेऊन, प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसली होती. आमच्या बाजूची गाडी आली. लोक चढले. ती उठली नाही.

"तन्वी, चल."

"पुढची पकडते, मिस."

"का? हीच जाते."

"माहितेय, मिस. पुढची पकडते."

दारं बंद व्हायची सूचना वाजू लागली. मला पहिलाच तास होता. मी चढले. काचेतून मला ती दिसत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या दिवशी तिची हजेरी लागली नाही.

दुपारी मी रियाला बोलावलं. माझ्या खोलीत आम्ही दोघीच. मी विचारलं, तन्वीचं काय झालंय? ती काहीच नाही म्हणाली. मी म्हटलं, मुलं तर तिच्याशी नीट बोलतात, मी स्वतः ऐकलंय, वेल वेल म्हणून हाक मारतात.

रियाचा चेहरा बदलला.

"मिस, ते तसलं वेल नाही."

"म्हणजे?"

ती रडायला लागली. मग घरी बोलते त्या मराठीत म्हणाली, "विहीरवालं वेल."

इंग्रजीत विहिरीलाही वेलच म्हणतात. मी इतकी वर्षं त्या भाषेची शिक्षिका आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

रियानं बाकीचं सांगितलं. लायब्ररीत बसलेल्या सहाजणांना त्याच दिवशी पाठाचे फोटो फोनवर मिळाले होते. जो पाठ वाचायचा नाही म्हणून त्यांना बाहेर पाठवलं, तो त्यांनी अख्खा वाचला. तन्वी आजीबद्दल काय म्हणाली तेही कळलं. कुणीतरी घरी जाऊन तिच्या आडनावाची माणसं कोण, ते विचारलं. घरच्यांनी सांगितलं. मग कूलरपाशी गंमत सुरू झाली. तन्वीनं बाटली भरली की पुढचा मुलगा एक पाऊल मागे व्हायचा, हसत. 'केअरफुल आह,' म्हणजे सांभाळून हं. बाकीचे हसायचे. हात कुणी लावला नाही. शिवी कुणी दिली नाही.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी नाही म्हणाले काही, मिस. पण मी थांबवलं पण नाही."

मी लगेच रिपोर्ट लिहिला. आमच्याकडे बुलिइंगची तक्रार आली की काउन्सेलर आणि डेप्युटी प्रिन्सिपल मुलांना एकेकटं बोलावून विचारतात. विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. वेल, वेल तर सगळेच म्हणतात. कूलरपाशी रांग असते, मागे व्हावंच लागतं. रिया काउन्सेलरसमोर गप्प बसली. काही सिद्ध होत नव्हतं. चौकशी चालू आहे, एवढं ऑफिसनं तन्वीच्या घरी कळवलं.

चौथ्या दिवशी तिचे वडील आले. मिलिंद त्यांचं नाव. पंचेचाळीस-सेहेचाळीसचे. साइटवरून आले होते, कामाच्या बुटांतच. मी खुर्ची पुढे केली. बसले.

"मॅडम, तो रिपोर्ट मागे घ्या."

"का? आपण हे वरपर्यंत नेऊ. मी लढेन यासाठी."

"तेच नको," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मागच्या वेळी तुम्ही लढलात. ग्रुपवर आलं होतं सगळं. तुम्ही जिंकलात तेही आलं होतं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पत्र आलं तेव्हा मी तन्वीला विचारलं, काय करायचं. दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, बाबा, लायब्ररीत गेले तर मी खोटी ठरते, वर्गात बसले तर एकटी पडते. मग म्हणाली, एकटी बसते."

"मला तिनं असं काही सांगितलं नाही."

"आली होती म्हणे तुमच्याकडे."

आली होती.

"नऊ वर्षं झाली आम्हाला इथे," ते म्हणाले. "मी आडनाव लपवलेलं नाही. पण इथे कुणी विचारलं नाही. आम्ही बुद्धजयंतीला घरी खीर करतो, शेजारी मलाय बाई आहे, चिनी म्हातारा आहे, त्यांना देतो. पोरीला तिची जात सोळाव्या वर्षी, सिंगापुरात, शाळेच्या कूलरपाशी कळावी, असं मला वाटलं नव्हतं. रियाच्या वाढदिवसाला दरवर्षी जायची ती. या वर्षी बोलावणं नव्हतं. आम्ही समजून घेतलं."

"मिलिंदजी, मला खरंच वाटलं होतं की..."

"काय वाटलं होतं?"

"तिला बरं वाटेल."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग एक फोन करायचा होता, मॅडम. नंबर होता शाळेत. सलील सरांशी तुम्ही घरी बोललात, मीटिंगमध्ये बोललात. त्यांच्यासाठी पत्र काढलंत. आमच्याशी एकदाही नाही. आम्ही फॉर्म पाठवला नाही, म्हणजे आमची संमती आहे, असं तुम्ही ठरवून टाकलंत."

ते उठले. दारापाशी म्हणाले, "पाठ वाईट नाही. मी वाचला. पण तो वाचल्यावर तुम्ही घरी गेलात. तन्वी त्याच वर्गात राहिली."

रिपोर्ट मागे घेतला गेला. फेब्रुवारीच्या अखेरीस तन्वीनं शाळा सोडली. नागपूरला आत्याकडे गेली. तिथल्या बोर्डाचे विषय जुळेनात, वर्ष वाया गेलं, इतकं मला ऑफिसकडून कळलं. पुढचं मी विचारलं नाही. विचारायला मी कोण?

जायच्या आदल्या दिवशी ती पुस्तकं परत करायला आली. मी पुस्तकांच्या खोलीतच होते. तिनं चार पुस्तकं टेबलावर ठेवली, मी यादीत खुणा केल्या. मी तिला म्हटलं, "तन्वी, माझं चुकलं." तिनं बॅगेची चेन लावली. मग म्हणाली, "मिस, तो पाठ मी आजीला फोनवर वाचून दाखवला. तुमचं इंग्रजी परत मराठी करून."

"काय म्हणाली आजी?"

"म्हणाली, आमच्याकडे घागर नव्हती. मडकं होतं. ते पण फुटकं."

मला वाटलं ती आणखी काही बोलेल. तिनं पावतीवर सही केली.

"बाय, मिस."

वर्ष संपलं. सहा मुलांपैकी एकाचंही नाव कुठल्या कागदावर आलं नाही. रिया बारावीला गेली. ती मला कॉरिडॉरमध्ये दिसली की दुसऱ्या जिन्यानं जाते.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी प्लॅनमध्ये तीन पानं तशीच ठेवली आणि समोर लिहिलं: सर्वांना सक्तीचं, पत्र नाही. डायनानं तो कागद प्रिन्सिपलकडे नेला. त्यांनी मला बोलावलं.

"पत्राशिवाय नाही करता येणार. मागच्या वर्षी पत्रामुळे सगळं नीट पार पडलं."

"नीट पार पडलं नाही, सर. एक मुलगी शाळा सोडून गेली."

"त्या पालकांच्याच सांगण्यावरून तक्रार मागे घेतली गेली. रेकॉर्डवर एकही तक्रार नाही." ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्यासमोर फाइल होती, ती बघून बोलत होते. "पाठ ठेवायचा तर पत्र जाईल. पत्र नको तर पाठ काढा."

मी नव्या वर्गाची यादी घेऊन बसले. पाच भारतीय मुलं. दोन मराठी आडनावं. त्यातलं एक मी दोनदा वाचलं. त्या घरी फोन केला. मुलाची आई बोलली. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, पुढे कधीतरी ठेवा. आत्ता नको."

मी पानं काढली. त्या रकान्यात आता दुसऱ्या एका देशातल्या खाणकामगाराचं पत्र आहे. चांगलं पत्र आहे. मुलं त्यावर भरपूर बोलतात. कुणालाच ते जवळचं नाही.

प्लॅन पोर्टलवर चढल्यावर दोन दिवसांनी सलीलचा मेसेज आला. 'थँक्स वहिनी. गुड डिसिजन.' पाठोपाठ हात जोडल्याचं चित्र. मी तो वाचला, उत्तर दिलं नाही. माझा नवरा म्हणतो, कधीतरी त्याला सगळं सांगून टाक. मी सांगितलं तर तो विचारेल, रिया त्यात होती का? आणि मला हो म्हणावं लागेल. अजून सांगितलेलं नाही. याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

त्या पत्राचा मसुदा शाळेला आवडला. आता विज्ञान आणि इतिहास विभागही तोच वापरतात.

नवे शिक्षक आले की कोर्स कसा आखायचा ते मी त्यांना दाखवते. युनिट, प्रश्न, मुख्य पुस्तक, जोडीचा पाठ. ते विचारतात, वादाचा पाठ असेल तर काय करायचं? मी त्यांना ते पत्र देते, कारण नियमच तसा आहे. आणि सांगते की हरकत घेणाऱ्यांचा विचार शाळा करतेच, तुम्ही त्याची काळजी करू नका. सूट मिळूनही कोणतं मूल जागेवर बसून राहणार आहे, ते आधी शोधा. पत्र पाठवण्याआधी त्याच्या घरी फोन करा. पाच मिनिटं लागतात.